नंदाबाईंचं अस्वल

माझ्या विहीणबाई, नंदाबाई, कॅनडात मिल्टनला सहा वर्षं राहत होत्या, पण मिल्टन कसं आहे असं कोणी विचारलं असतं तर त्यांना खिडकीतून दिसतं तेवढंच सांगता आलं असतं. समोरचं घर, त्याच्या बाजूचं घर, दोन्ही एकाच साच्यातून काढलेली, आणि मधे काडीसारखं एक झाड. ते पडू नये म्हणून कोणीतरी त्याला दोन बाजूंनी दोरीनं बांधून ठेवलं होतं.

"तेही माह्यासारखंच," नंदाबाई म्हणायच्या. "पळून जाईल म्हणून बांधलं."

मी दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात लेकीकडे गेले होते. लेक माझी दीपा, नंदाबाईंची सून. ती ओकव्हिलला ऑफिसात. जावई प्रीतमराव कॉम्प्युटरचे इंजिनीयर, ते गो ट्रेननं टोरांटोला. दोघं सकाळी निघाले की दार लागायचं, दाराचं यंत्र टुणटुण वाजायचं आणि मग घरात नंदाबाई, पाच वर्षांचा देवेश आणि तीन वर्षांची अबोली. त्या यंत्राचा नंबर नंदाबाईंना पाठ होता. जायला जागा नव्हती, एवढंच. दुकान गाडीनं, डॉक्टर गाडीनं, आपल्या लोकांचा एप्रिलातला जयंतीचा कार्यक्रम तोही गाडीनं, आणि गाडी चालवणारे दोघंही ऑफिसात.

मी पाहुणी म्हणून गेले आणि त्यांच्या बाजूला जाऊन बसले. दोन म्हाताऱ्या, एक खिडकी.

नंदाबाई मूळच्या तुमसरच्या पलीकडच्या, जंगलाला लागून असलेल्या गावच्या. घरात थोरल्या. लग्न होऊन नागपूरला आल्या. ज्ञानदेव म्हणजे त्यांचे मालक रेल्वेत होते, ते प्रीतमराव कॉलेजात असतानाच गेले. मग नंदाबाईंनी शाळेच्या मुलांचे गणवेश शिवून पोराला इंजिनीयर केलं. पोरगा कॅनडाला गेला, देवेशच्या वेळी आईला बोलावून घेतलं. तेव्हापासून त्यांचं जेवण ओट्याशी उभ्यानं आणि सगळ्यांच्या मागून. मी बसा म्हटलं तर म्हणायच्या, "बसलं की कोणी ना कोणी हाक मारतेच जी. उभंच बरं."

एका शनिवारी संध्याकाळी जेवणं झाल्यावर प्रीतमराव लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसले. ऑफिसातल्या कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की पश्चिमेकडे समुद्राच्या काठाला रानातली अस्वलं बघायला नेतात. पिंजऱ्यातली नाही, मोकळी. ऑगस्टच्या शेवटी सुट्टी काढून व्हँकुव्हरकडे जायचंच होतं, तर हेही करू. पण कोणत्या ट्रिपनं जायचं, यावर नवराबायकोचं जमेना.

"ही मोठी बोट बघ," दीपा म्हणाली. "आत वॉशरूम आहे, खाणं आहे, मुलं अलाउड आहेत."

"आणि अस्वल दुर्बिणीतून. किनाऱ्यावर काळा ठिपका. त्यापेक्षा घरी बसून कॅलेंडर बघू."

"मग ती छोट्या विमानाची?"

"ती आपल्यासाठी नाही. मला ही छोटी बोट आवडली. खाडीतून आत नेतात, मग गाईड नदीवर घेऊन जातो, मचाणासारखं काहीतरी बांधलंय. सॅमन मासे पकडायला अस्वल खाली येतं, अगदी समोर." त्यांनी पडदा वळवून दाखवला. "फक्त आठ वर्षांखालची मुलं नेत नाहीत."

नंदाबाई टेबल पुसत होत्या. फडकं एकाच जागी गोल गोल फिरत होतं. त्या पडद्यावर तपकिरी रंगाचं एक भलंमोठं अस्वल पाण्यात उभं होतं, तोंडात मासा. टेबलाच्या त्या कोपऱ्याचं पॉलिश निघतं की काय असं मला वाटलं.

"आई, तू येशील का?" प्रीतमरावांनी विचारलं. "दिवसभर बोटीत बसावं लागेल, थंडी असते. का मुलांजवळ थांबतेस हॉटेलमध्ये?"

"मले कायले नेतोस बाप्पा," नंदाबाई म्हणाल्या. "या वयात अस्वल पाहून काय करू. तुम्ही जा."

"ओके," प्रीतमराव म्हणाले. "मग दोघांचं बुक करतो. उद्या सकाळी फोनवर नावं सांगायची आहेत. मम्मी, तुम्हीपण आईबरोबर थांबाल ना?"

"थांबते की," मी म्हणाले. मला खरंच काही जायचं नव्हतं. मला बोट लागते.

पण मी नंदाबाईंकडे पाहिलं तर त्या फडकं धुवायला गेल्या होत्या, आणि नळ बराच वेळ सुरू होता.

आता हे सांगायला पाहिजे. आमच्याकडे पहिलं नको हे नको नसतं. कोणी चहा विचारला तर आपण नको म्हणतो. ते म्हणतात, अहो घ्या. आपण म्हणतो, आत्ताच घेऊन निघालो. ते म्हणतात, अर्धा तरी. मग आपण हात पुढे करतो. पहिल्यांदाच हो म्हटलं तर माणूस उपाशी आहे असं वाटतं, आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर घरात दूध नसेल असं समजतात. प्रीतमराव लहानपणी याच रीतीत वाढले. पण तिकडे जाऊन त्यांची रीत बदलली. तिथं ऑफिसात नो म्हटलं की नो. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे माणसाला छळणं. त्यांची चूक नव्हती. आईनं नागपुरातलं उत्तर दिलं आणि त्यांनी ते टोरांटोचं म्हणून ऐकलं.

मुलं झोपायला गेली, नंदाबाई त्यांचे कपडे घड्या करायला बसल्या. मी जवळ गेले.

"तुम्हाला जायचंय," मी म्हणाले.

"काय वो, काहीही." त्यांनी अबोलीच्या एका मोज्याची घडी केली, उघडली, परत केली. मग म्हणाल्या, "आमच्या गावाले मोहाच्या दिवसांत अस्वल येत असे. मोहफुलं खायले. माणसं पहाटेस वेचायले जात, अस्वल आधीच झाडाखाली बसलेलं. माह्या आईनं पाह्यलं, बापानं पाह्यलं, काकूनं पाह्यलं. शेजारची रखमा तर झाडावर चढून बसली होती, ते खाली, हे वर. घरी येऊन सगळे सांगत. मी पाह्यलं नाही."

"काहून?"

"मी थोरली ना. पाठची पोरं कोण पाहील? मी घरी." त्यांनी दुसरा मोजा शोधला. "अस्वल पाहायचं म्हणजे काय मोठं हाय. पण सगळ्यांनी पाह्यलं, एक मीच राहिले."

"मग सांगा ना प्रीतमरावांना आत्ता."

"आता कसं सांगू? नाही म्हणून बसले. आता आपणहून मागायचं? पोरगं म्हणेल, आई आत्ता एक बोलते, आत्ता दुसरं." आणि मग माझा हात धरला. "तुम्हीही दीपाला काही बोलू नका. सासूनं आईच्या तोंडून निरोप धाडला असं होईल. घरात उगाच काही नको."

म्हणजे त्यांचं तोंड बांधलेलं, आणि त्यांनी माझंही बांधलं. मी तसंही बोलू शकत नव्हते. लेकीच्या घरी, जावयाच्या पुढ्यात, त्यांच्या मायलेकांच्या मधे आईनं पडायचं नसतं. हे मला कोणी शिकवलं नाही, माझ्या आईकडे पाहून कळलं.

तरी मला राहवलं नाही. दीपा भांडी मशीनमध्ये लावत होती. मी आपलं लांबून म्हणाले, "नंदाबाईंना अस्वलाची हौस दिसते."

"मम्मी, त्या स्वतः नाही म्हणाल्या," दीपा म्हणाली. "तू पण तिथे होतीस. इथे आम्ही आईंच्या चॉइसचा रिस्पेक्ट करतो. तुमच्यासारखं आग्रह करकरून नाही नेत."

रिस्पेक्ट झाला, आणि नंदाबाईंच्या वाट्याला हॉटेल.

सकाळी रविवार. नंदाबाईंनी तर्रीपोहे केले होते. सगळे टेबलाशी, नंदाबाई ओट्याशी. प्रीतमरावांनी फोन हातात घेतला. देवेश लॅपटॉपवर त्या अस्वलांचा व्हिडिओ लावून बसला होता. "लुक आज्जी, ही कॅच्ड अ फिश," तो म्हणाला. नंदाबाई झारा हातात घेऊन त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. झाऱ्यातले पोहे खाली पडले, ते त्यांना कळलं नाही. सहा वर्षांत त्या घरात नंदाबाईंच्या हातून काही सांडलेलं कोणी पाहिलं नसेल.

दीपाला मी काही बोलायचं नव्हतं, प्रीतमरावांना काही बोलायचं नव्हतं. पण विहिणीनं विहिणीला विचारायला कुठली बंदी नाही. उलट तो तर मानच.

"विहीणबाई," मी मोठ्यानं म्हणाले, "अस्वल पाहायला जाता का?"

"नाही जी," त्या दचकून म्हणाल्या. "पोरं कोण पाहील?"

"मी पाहते. जाता का?"

"नाही वो. तुम्ही पाहुण्या. जायचं तर तुम्ही जा."

"मला बोट लागते. मी गेले तर अस्वलच मला पाहायला येईल." देवेश हसला, त्याला काय समजलं कोण जाणे. "विहीणबाई, जाता का?"

दीपा माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. नंदाबाईंनी झारा ओट्यावर ठेवला, हात पदराला पुसले, आणि कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "जाते."

प्रीतमरावांनी फोन खाली ठेवला. "आई, पण काल तर तू नाही म्हणालीस."

"एकदाच विचारलं तू," नंदाबाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. सांगितलं फक्त. पण प्रीतमराव आईकडे बघत बसले, आणि त्यांचं तोंड अगदी लहान पोरासारखं झालं. मला वाटतं, त्यांना आत्याच्या घरचे लाडू, मामाच्या घरचा चहा, सगळं एकदम आठवलं असावं.

"किती वेळा विचारलं नाही मी, आई?" ते म्हणाले.

"पोहे थंड होतात," नंदाबाई म्हणाल्या.

प्रीतमरावांनी फोन उचलला आणि तीन नावं सांगितली.

दीपा दोन दिवस माझ्याशी जरा तुटकच बोलली. मधे पडल्याबद्दल. मी म्हटलं, मी तुला कुठे काही म्हणाले.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही, जिथून बोट सुटते त्या बेटावरच्या गावात पोचलो. सकाळी अंधारातच ते तिघं निघाले. बोटवाल्यांनी दिलेला लाल फुगीर कोट नंदाबाईंनी साडीवरून घातला आणि त्या फुग्यासारख्या बोटीकडे चालत गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. मला ते फार आवडलं.

आणि मी दोन लेकरांना घेऊन हॉटेलच्या खोलीत बसले. बाहेर पाऊस. खिडकी उघडायची सोयच नव्हती, काच भिंतीतच बसवलेली. समोर गाड्या उभ्या करायची जागा आणि पलीकडे धुकं. मुलं पलंगावरून उड्या मारत होती. कार्टून लावलं, संपलं, परत लावलं. अबोली दर थोड्या वेळानं, "वेअर इज नंदा आज्जी?" देवेश, "आय अॅम बोअर्ड." खालच्या दुकानात जावं तर मला बोलता येत नाही, मुलांना सोडून जाता येत नाही. दुपार होईतो त्या काचेला ठोसा मारावा असं मला वाटायला लागलं. एकच दिवस होता हा. मी मनात नंदाबाईंची सहा वर्षं धरून पाहिली आणि सोडून दिली. मला ती पेलेनात.

संध्याकाळी तिघं आले. नंदाबाईंचा अंबाडा सुटलेला, नाक लाल, अंगाला समुद्राचा वास. मुलं लोंबकळली. त्या पहिल्यांदा, माझ्या देखत पहिल्यांदा, कोणी हाक मारेल याची काळजी न करता खुर्चीत टेकून बसल्या.

"दिसलं?" मी विचारलं.

"दिसलं."

"कसं होतं?"

"मोठं." त्यांनी सुटलेला अंबाडा बांधला. मग म्हणाल्या, "मादी होती. दोन पिल्लं संगं. पाण्यात उभी राहिली आणि मासा धरला. पिल्लं काठावर केवढी बोंबलत होती. तर तिनं पंजाखाली मासा दाबला आणि आधी आपण खाल्ला. सगळा. त्यांच्याकडे पाह्यलंही नाही."

"आणि पिल्लं?"

"रडत बसली. दुसऱ्या माशातलं त्यांना भेटलं. दीपानं गाईडला विचारलं. गाईड म्हणे, थंडीभर काही खायला नसतं, आई जगली तर पिल्लं जगतील." नंदाबाईंनी डोकं हलवलं. "मी तर मनातल्या मनात तिला ओरडून राहिले होते, अवो बाई, लेकराले दे आधी. तिनं काही ऐकलं नाही."

आणि त्या हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

मी नोव्हेंबरात नागपूरला परत आले. मिल्टनला काही फार बदललं असं नाही. दार तसंच टुणटुण वाजतं, गाडी अजूनही गाडीवाल्यांच्याच हातात, नंदाबाई अजूनही खिडकीशी. जेवण पुन्हा उभ्यानं सुरू झालं होतं. मी निघाले तेव्हा झाडाची दोरी सोडली होती, पण झाड आपलं तिथंच.

फक्त देवेशला त्या रविवारचं काय डोक्यात बसलं देव जाणे. आता तो आजीला काही विचारतो ते तीनदा, एका दमात. "आज्जी ज्यूस? ज्यूस? ज्यूस?" आणि मग उत्तराची वाट बघतो.

जानेवारीत नंदाबाईंचा फोन आला. बर्फ गुडघ्याएवढं पडलं म्हणे, प्रीतमराव सकाळपासून फावड्यानं शोव्हल करत होते.

"काल हे पोरगं बूट घालून माह्यापुढं उभं," त्या म्हणाल्या. "आज्जी बाहेर, बाहेर, बाहेर? बर्फात अस्वल करू म्हणे."

"मग गेलात का?"

"गेले ना जी. मी पहिल्याच ‘बाहेर’ला हो म्हणणार होते," नंदाबाई म्हणाल्या. "पण म्हटलं, विचारू द्यावं त्याला."