सात दिवसांची एकसारखी झोप

“तुम्हाला क्रॉनिक इन्सॉम्निया आहे,” अड्यारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे जुनाट निद्रानाश : आठवड्यातल्या तीन-चार रात्री झोप नाही, आणि हे तीन महिन्यांहून जास्त. मी म्हटलं, “तीन-चार कसल्या डॉक्टर, सातही माझ्याच.” त्या हसल्या नाहीत. माझे विनोद चेन्नईत एरवीही फारसे चालत नाहीत.

गोळी मिळेल म्हणून गेलो होतो, मिळाला वर्ग. त्रेपन्नाव्या वर्षी, झोपायचं कसं ते शिकायला! सहा आठवडे, बुधवारी ऑनलाइन, शनिवारी प्रत्यक्ष. पहिल्याच बुधवारी कॅमेरा चालू ठेवून मी सगळ्यांसमोर घोरलो. पुण्याला लेकीला सांगितलं, तर म्हणाली, “बाबा, वर्गात पहिला आलास की!”

घरचा अभ्यास एकच : झोपेची डायरी. पाठ कधी टेकली, झोप कधी लागली, जाग कितीदा आली, रोज सकाळी लिहायचं. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात माझी अठ्ठावीस वर्षं क्वालिटीत गेली. ऑडिट आलं की राहिलेली रजिस्टरं एका बैठकीत कशी भरायची, हे मला कोणी शिकवायला नको. शनिवारी बसमध्येच सात दिवस भरून काढले. मध्ये पेनही बदललं.

त्या डायरीवरून स्लीप रिस्ट्रिक्शन ठरतं. म्हणजे खरी झोप जितकी, साधारण तितकाच वेळ अंथरुणात काढायचा, मग हळूहळू वाढवायचा. मी लिहिले होते साडेसहा तास. खरे जेमतेम तीन. तीन आठवडे झाले, फरक शून्य.

चौथ्या शनिवारी शिकवणाऱ्या रेवतीबाईंनी मला मागे थांबवलं. “सर, सातही दिवस बरोबर साडेदहाला झोप? माझं बाळसुद्धा इतकं शिस्तीत झोपत नाही. खरं लिहायला काय अडतं?”

मी विनोद शोधत राहिलो. सापडला नाही.

मग सांगितलं. माझी बायको नलिनी शेवटचे चार महिने घरीच होती. यकृताचा कॅन्सर. रात्री तिचा हात धरून मी खुर्चीत बसायचो. एका पहाटे डोळा लागला. जागा झालो तेव्हा तो हात गार होता. लेकीला मी सांगितलं, आई माझ्याशी बोलता बोलता गेली. तेव्हापासून डोळा मिटायला लागला की मीच दचकून उठतो.

“तिनं हाक मारली असेल का?” मी विचारलं.

“ते आता कळणार नाही, सर,” रेवतीबाई म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मग म्हणाल्या, “पण मुलीला खरं सांगता येईल.”

तुम्हीही अशा वर्गाला गेलात, तर आकडे खरे लिहा. खऱ्या आकड्यांवर मला अंथरुणात पाच तास मिळाले; त्याहून कमी कोणालाच देत नाहीत. पहिला आठवडा फार वाईट गेला. कारखान्यात मी भिंती धरून चालत होतो. दुसऱ्या आठवड्यात एकदा सलग चार तास झोपलो. उठलो आणि रडलो, नलिनी गेल्यानंतर पहिल्यांदाच.

तसाच लेकीला फोन लावला. “आई गेली तेव्हा मी झोपलो होतो गं.”

ती नाक ओढत म्हणाली, “चार महिन्यांत तेवढंच झोपला असशील, बाबा.”