पलीकडच्या गावचे पंच

आमच्या गावची ख्रिस्ती मंडळी नदीपलीकडच्या मंडळीत विलीन केली, तेव्हा मी ओझरजवळ एका कँटीनमध्ये चपात्या लाटत होते. सातवीत शाळा सोडलेली, गाव लांब जालन्याकडे. भावाने फोनवर सांगितलं, वरून हुकूम आला, कुटुंबं थोडी उरली, आपलं देऊळ, म्हणजे चर्च, बंद. बाकडी ट्रॅक्टरवर घालून पलीकडे नेली. मी बरं म्हणाले आणि परातीकडे वळले.

इथल्या पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "विलायतेत तर पूर्वी कायदे करून खेड्यांतली देवळं अशी जोडून टाकली." मला काहीच वाटलं नाही.

अडचण लग्नाच्या वेळी आली. आमच्यात आधी तीन रविवार देवळात दोघांची नावं वाचतात, कुणाची हरकत आहे का विचारतात. माझ्यासारख्या परगावच्या मुलीला ओळखणारा तिच्या मंडळीतला माणूस हवा, असं पाळकसाहेबांचं म्हणणं. आणि माझी मंडळी म्हणजे आता पलीकडचं गाव. तिथल्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांशी माझे वडील देवळाच्या घंटेवरून भांडले ते मरेपर्यंत बोलले नाहीत. नेमका त्यांनाच फोन गेला. माणूस आला नाही तर लग्न लांबणार होतं, आणि मुलाकडचे आधीच कुरकुरत होते, हिच्या मागेपुढे कोण आहे म्हणून. माझी झोप उडाली. ज्या मावशींनी मला घरात ठेवून घेतलं, त्या रोज म्हणायच्या, "येतील गं. जेव आधी." त्यांचे उपकार कुठे फेडू?

तिसऱ्या रविवारी पंच आले. एसटीला उशीर झालेला, मागच्या बाकावर टेकले. नावं वाचून झाली.

"कुणाची हरकत असेल तर उभं राहावं."

पंच उभे राहिले.

आमच्या गावात त्या वेळी फक्त मोडता घालणारा उभा राहायचा. सासूबाई गर्रकन वळल्या. वडिलांचं भांडण आता माझ्यावर निघालं, एवढंच डोक्यात आलं. आत काहीच हललं नाही.

"बोला," पाळकसाहेब म्हणाले.

"काय बोलू? उभा हाय की."

"तुमची हरकत काय?"

"हरकत? कुनाची? आमच्याकडं पोरीकडचा मानूस उभा ऱ्हातो. पोरगी आमची हाय. बाप लय आडमुठा, पन मानूस खरा. हिला पाळण्यात बघितलीय मी. बसू का आता? गुडघे दुखत्यात."

देऊळभर हशा पिकला. मावशींनी पदर डोळ्यांना लावला. मला ना हसू आलं, ना रडू.

दुपारी मावशींकडे त्यांना जेवायला वाढलं.

"लग्नाच्या दिवशी तुला हाताला धरून आत कोन आननार?"

"भाऊ. सुट्टी मिळाली तर."

"न्हाई मिळाली तर मला फोन कर."

"हो काका," म्हणाले आणि अजून एक चपाती वाढली. नको नको म्हणत त्यांनी ती खाल्ली.