ज्याने घालवला, त्याने आणावा

माझ्या बायकोच्या मामांइतका फुटबॉल कळलेला माणूस उभ्या सह्याद्रीत दुसरा झाला नाही, असं माझं मत आहे. उभ्या सह्याद्रीत फुटबॉलच्या नादी लागलेला दुसरा माणूसच नाही, असं माझ्या बायकोचं मत आहे. दोन्ही खरी असावीत. मामा राहतात पोलादपूर तालुक्यात, कुडपणला, म्हणजे जिथे जाताना शेवटच्या वळणावर जीपवालासुद्धा देवाचं नाव घेतो तिथे. तरुणपणी पलटणीत भरती झाले, देशभर फिरले आणि हवालदार होऊन परत आले ते पेन्शन, मिशा आणि एक चामड्याचा फुटबॉल घेऊन. पेन्शन मामींच्या हातात गेली, मिशा पांढऱ्या झाल्या, फुटबॉल मात्र अजून आहे. त्याला इतकी ठिगळं लागली आहेत की त्यात पलटणीचं चामडं किती आणि पोलादपूरच्या चपलावाल्याचं किती, हे आता सांगता यायचं नाही. दर शनिवारी मामा त्याला खोबरेल चोळतात. मामी म्हणतात, "माझ्या लग्नात मला येवढी हळद लागली नव्हती."

आता कुडपणला फुटबॉल खेळायचा म्हणजे पहिला प्रश्न जागेचा. डोंगरावर सपाट म्हणावी अशी जागा एकच, देवळामागचा माळ, आणि तोही अंगणापेक्षा जरा मोठा. एका अंगाला देऊळ, दोन अंगांना बांध आणि चौथ्या अंगाला काहीच नाही. काहीच नाही म्हणजे अक्षरशः काहीच नाही. माळ संपतो आणि दरी सुरू होते. मामांनी तिथे खेळ बसवला. सुरुवातीला एका बाजूला अकरा खेळत म्हणतात. मग कोणी मुंबईला गेला, कोणी सुरतेला, कोणी खाली एमआयडीसीत लागला आणि संघ आटत आटत सहावर आला. बॉल एकच. त्यामुळे मामांनी नियमही एकच केला: ज्याने घालवला, त्याने आणावा. बॉल दरीत गेला की मारणाऱ्याने मुकाट्याने खाली उतरायचं, करवंदीच्या जाळीत अंग ओरबाडून घ्यायचं आणि बॉल काखेत मारून वर यायचं. तोवर बाकीचे बांधावर बसून तंबाखू मळत आणि "डावीकडं बघ रे, जाळीत बघ" असं वरून ओरडत. एका जावयाने जोर दाखवायला बॉल उंच उडवला, तो संध्याकाळी मामांच्या घरी परत आला तेव्हा त्याला बायकोने आधी ओळखलंच नाही. तो जावई मीच. या नियमाचा परिणाम असा झाला की कुडपणला बॉल गुडघ्याच्या वर उडवणं हे भर पंगतीत ताट लाथाडण्याइतकं वाईट समजलं जाऊ लागलं. तिथला बॉल जमिनीला धरून जायचा, बांधांमधून, पायांमधून, वाट माहीत असलेल्या जनावरासारखा. मी मुंबईत मोठी मैदानं पाहिली आहेत, पण तसला खेळ पाहिला नाही. डोळे दिपायचे.

मामांच्या अंगात हे इतकं भिनलं की त्यांनी हातात वस्तू देणंच सोडलं. तंबाखूची डबी मागितली की ती जमिनीवरून पायाने सरकत येणार, आणि थेट तुमच्या अंगठ्याशी थांबणार. नारळ फेकायचा नाही, घरंगळत द्यायचा. कुणाच्याही घरी गेले की भिंतीवरचे फोटो, फ्रिज, टीव्ही काही दिसत नसे, उंबऱ्यात उभं राहून ओटी डोळ्यांनी मापायची आणि म्हणायचं, "बरी हाय. तिनास तीन बसतील." आमच्या लग्नाच्या बोलणीला ते आले तेव्हा सगळे माझ्या पगाराची चौकशी करत होते. मामा अंगणात फेरी मारून आले आणि म्हणाले, "मानसं चांगली हायत. अंगण सपाट हाय." माझं लग्न त्या एका वाक्यावर ठरलं, असं सासूबाई अजून सांगतात. वर्षातून एकदा ते गुडघे शेकायला महाडजवळ सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात जातात. तिथेसुद्धा शेजारी बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्यांना "तुम्ही जरा डावीकडं सरका, मधली जागा उघडी पडली हाय" असं सांगतात. आणि आश्चर्य म्हणजे लोक सरकतात. त्या आवाजात हवालदारकी आहे, पण त्याहून जास्त असं काही आहे की माणसाला वाटतं, खरंच आपल्यामुळे गोल व्हायचा.

मामांचा मुलगा दत्तू याच माळावर वाढला. पुढे तो बिरवाडीला खोली घेऊन एका कारखान्यात कंत्राटावर लागला. सुट्टीला कामगारांच्या संघातून खेळायचा. तिथून कोणी त्याला जिल्ह्याला नेलं, जिल्ह्याने पुढे पाठवलं आणि एक दिवस बातमी आली की सहा-सहा जणांच्या फुटबॉलची देशादेशांच्या संघांची स्पर्धा परदेशात आहे आणि भारताच्या संघात आमचा दत्तू आहे. माझा विश्वास बसेना. मामांना विचारलं, सहा जणांचा कसला वर्ल्ड कप? मामा म्हणाले, "मिनीडोर बगितलीस ना? सहाची परवानगी आनि बारा बसतात. ह्ये त्याच्या उलटं. अकराचं काम सहांनी करायचं. आमी दुसरं काय केलं इतकी वर्सं?"

पण कंत्राटदाराने रजा नाकारली. गेलास तर परत येऊ नकोस म्हणाला. दत्तूने वडिलांना फोन केला आणि मामांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "जा." झालं. खालच्या वाडीपासून पोलादपूरच्या स्टँडपर्यंत एकच बोलणं सुरू झालं: म्हाताऱ्याने आपल्या खुळापायी पोराचं वाटोळं केलं, चालती नोकरी घालवली. मामींनी त्या शनिवारी खोबरेलाची बाटली फडताळात वर ठेवून दिली. मामांना हे सगळं ऐकू येत होतं. आयुष्यभर ज्याला लोक खूळ म्हणत आले, त्याचा निकाल आता परक्या देशातल्या मैदानावर लागायचा होता, आणि पणाला लागला होता पोटचा पोरगा.

कुडपणला रेंज जेमतेम बोलण्यापुरती, म्हणून मॅच बघायला मामा-मामी महाडला आमच्याकडे आले. आमच्या शेजारी हाजीसाहेब राहतात. त्यांनी बरीच वर्षं आखातात ट्रक चालवले आणि येताना भिंतीएवढा टीव्ही आणला. सगळे त्यांच्याकडे जमलो. मामा कोट घालून, पदकं लावून आले होते. राष्ट्रगीताला त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि नंतर आम्ही बसलो तरी ते उभेच राहिले. आणि काय सांगू, त्या हिरव्या गालिच्यावर आमचा कुडपणचा माळ उतरला होता. धिप्पाड गोऱ्या खेळाडूंच्या पायांमधून बॉल जमिनीला धरून जात होता. दत्तूचा पाय गुडघ्याच्या वर म्हणून जात नव्हता. हाजीसाहेब पुटपुटले, "माशाल्ला, मामा, ह्या पोराने बॉलला बांधून ठेवलान हाय." मामांच्या मिशा थरथरत होत्या. माझ्या अंगावर काटा आला, तो अजून आठवला की येतो.

सामना बरोबरीत होता. बरोबरी झाली तरी आपण पुढे जाणार होतो. शेवटची काही मिनिटं राहिली असताना समोरचा अंगावर आला आणि दत्तूने, बहुधा जन्मात पहिल्यांदा, बॉल उंच मारला. तो कठड्यावरून प्रेक्षकांत गेला. आणि दत्तू त्याच्या मागे धावला. कठडा ओलांडला, पायऱ्या चढला, लोकांना बाजूला करत वर वर गेला. मैदानातून सगळे त्याला हाका मारत होते. पण आमच्याकडे बॉल आणायला गेलेल्याच्या मागे सगळे ओरडतातच, तसंच त्याला वाटलं असणार. इकडे समोरच्यांनी रेषेवरून खेळ सुरू केला, आपली एक बाजू मोकळी पडली होती, तिथून ते शिरले आणि गोल झाला. आणि मग दत्तू बॉल काखेत मारून, घामाघूम, समाधानाने पायऱ्या उतरताना दिसला. इंग्रजी बोलणाऱ्या समालोचकाला हसू आवरेना.

मामांनी वळून हाजीसाहेबांना विचारलं, "बॉल तर दत्तूच्या काखंत हाय. मंग गोल कशाचा झाला?"

हाजीसाहेबांनी खाली बघत सांगितलं, "मामा, तिकडे दुसरा बॉल असतो. बाजूला ठेवलेलेच असतात."

"दुसरा?" मामा म्हणाले, आणि इतका वेळ उभा असलेला तो माणूस खुर्चीवर बसला.

पुढे जे व्हायचं ते झालं. आपण हरलो, स्पर्धेबाहेर गेलो. दत्तू पायऱ्या चढतो आहे तो व्हिडिओ महाड-पोलादपुरात प्रत्येकाच्या फोनवर आला. वाटोळं म्हणणाऱ्यांना आता दाखवायला पुरावा मिळाला. दत्तू परत आला, पण कुडपणला गेला नाही. बिरवाडीच्या खोलीत पडून राहिला. फोन उचलेना. तेव्हा मामा डोंगर उतरून आले आणि मला म्हणाले, "चल." आम्ही बिरवाडीला गेलो. खोलीतले बाकीचे पाळीवर गेले होते आणि दत्तू भिंतीकडे तोंड करून निजला होता. बापाचा आवाज ऐकून उठला आणि मान खाली घालून म्हणाला, "आबा, चुकलो."

मामा त्याच्याजवळ जमिनीवर बसले. मी त्या माणसाला माझ्या लग्नापासून ओळखतो. त्यांनी आजवर कुठलीच चूक स्वतःची म्हणून कबूल केली नव्हती; पाऊस उशिरा आला तरी ते पावसालाच झापत. ते म्हणाले, "तू नाय रे चुकलास. म्या तुला बॉल आनायला शिकवलं. जगात दुसरा बॉल असतो ह्ये शिकवायचं राहून गेलं. मला तरी कुठं म्हाईत व्हतं?"

दत्तूला रडू फुटलं. मामांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "पन येक सांगतो. त्या मैदानात तुझ्याइतकं जोरात बॉलच्या मागं कोन धावलं नाय. ऊठ. तोंड धू. आय वाट बगते."

तो कंत्राटदार काही बधला नाही. दत्तू आता पनवेलला एका टर्फवर मुलांना शिकवतो. तिथे बॉल पोत्यात भरून ठेवलेले असतात, हे मामा भेटेल त्याला सांगतात, पूर्वी काशीहून आलेली माणसं सांगत तसं. माळावर आता सहाही जमत नाहीत. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा दरीतून धुकं वर येत होतं आणि माळावर दोघंच होती. मामींनी पदर खोचला होता आणि मामा त्यांच्याकडे बॉल सरकवत होते. मला बघून मामा बांधाशी आले, श्वास घेतला आणि मामींना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "हिचा डावा पाय लय चांगला हाय रे. इतकी वर्सं घरात व्हती, मला दिसलीच नाय."