काचेचं कापड घ्यायला कबनूरला

खामगावातला शिंपी कापड घ्यायला थेट कोल्हापूर जिल्ह्यात निघाला, म्हणून आमच्या गल्लीत माझी बरीच चेष्टा झाली. "इथलं कापड संपलं का, मास्तर?" असं विचारणाऱ्यांशी मी हुज्जत घातली नाही. कारण तसं चेष्टेचं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ सुधाकर फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, भट्टीपाशी काम करतो. मागच्या उन्हाळ्यात तापल्या लोखंडाचा शिंतोडा त्याच्या उजव्या बाहीवर उडाला. शर्टात पॉलिएस्टर होतं. ते वितळलं आणि कातडीला चिकटलं. हात बरा झाला, पण नवी कातडी अजून पातळ, गुलाबी आहे. आता गडी पुन्हा भट्टीवर जायला निघाला. त्याची बायको मंजू म्हणाली, "दादा स्वतः बाह्या आणि एप्रन शिवून देतील तरच जा." झालं, घरादाराचा घोर माझ्या मशीनवर येऊन बसला. अकोल्याच्या एका दुकानदाराने ठामपणे सांगितलं, काचेच्या धाग्याचं कापड घ्या, त्याला आग लागूच शकत नाही. तसलं कापड विणणारे एक मागमालक कबनूरला आहेत असं कळलं. त्यांना फोन करून मी निघालो.

कोल्हापूरला उतरलो तेव्हा अंग आंबून गेलं होतं. स्टँडवर चहा घेतला आणि इचलकरंजीची एसटी पकडली. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच वीटभट्टी, पुन्हा ऊस. आमच्याकडच्या कपाशीच्या मोकळ्या रानाची सवय असलेल्या माणसाला या उसात जरा कोंडल्यासारखं होतं. शेजारचे आजोबा शेंगदाणे खात होते. त्यांनी न विचारता माझ्या ओंजळीत मूठभर ओतले आणि कुठला, काय, लेकरं किती, सगळं काढून घेतलं. या गप्पांत कबनूर आलं ते कळलंच नाही. कंडक्टर मागून ओरडला, "ओ पावणं, कबनूर न्हवं तुमचं? उतरा की! का मुक्काम करतायसा गाडीत?" अख्खी एसटी हसली. मीही पिशवी सावरत हसलो आणि उतरलो.

उतरताच कानावर आला तो मागांचा आवाज. घराघरांतून खटाखट, खटाखट. पत्ता विचारायचा तर ओरडूनच विचारावा लागत होता. इथली माणसं एवढ्या मोठ्याने का बोलतात, ते मला तिथेच उमगलं.

मागमालक बसगोंडाकाका दारातच उभे होते. धिप्पाड, कपाळाला भस्माचे पट्टे. "बर्री, बर्री (या, या)! लांबनं आलासा," म्हणत त्यांनी माझी पिशवी ओढूनच घेतली. त्यांच्या पत्नी गौराक्का आत मागांवर देखरेख करत होत्या. पूर्वी या घरात धोतरं विणली जात. आता तिथे जे विणलं जातं ते कुणी नेसत नाही. साखर कारखान्यात रस गाळायचं जाड कापड, रबरी पट्ट्यांच्या पोटात घालायचं नायलॉनचं कापड, रस्त्याच्या खडीखाली अंथरायचं कापड. एका मागावर हळदीसारखा पिवळा धागा चढला होता. "ह्यो अ‍ॅरामिड," काका म्हणाले. "कात्री बोथट हुती, पर ह्यो तुटत न्हाय, आन् आगीत वितळतबी न्हाय." मी आयुष्यभर कापड कापलं आणि शिवलं, पण कापडाचा एवढा गोतावळा असेल असं वाटलं नव्हतं. मला तर एखाद्या नातेवाइकाकडे येऊन अनोळखी भावंडं भेटावीत तसा आनंद झाला.

आणि मग मला ते दिसलं. कोपऱ्यातल्या मागावर पांढरं शुभ्र, रेशमासारखं झळकणारं काचेचं कापड. आता कापड पसंत करायची माझी एक रीत आहे. बोटांनी चाचपायचं, मग गालाला लावायचं. गाल कधी फसवत नाही, असा मला गर्व. मी पुढे झालो, कापडाचं टोक उचललं आणि गालावरून, मानेवरून, वर मनगटावरून छान फिरवलं.

"अवो, अवो, पावणं!" गौराक्का मागांच्या वरताण ओरडल्या. "त्वांडाला काय लावतायसा? काच हाय ती!"

"मऊ आहे जी," मी म्हणालो.

"थांबा वाईच. मऊ हाय का न्हाय, कळंल आता."

कळलं. आधी मान, मग गाल, मग मनगट असं चुणचुणायला लागलं. खाजकुइली अंगावर झटकल्यासारखं झालं. मी खाजवायला हात नेला, तर काकांनी तो वरच्या वर धरला. "चोळू नगा! चोळलं की आत जातंय." गौराक्कांनी मला मोरीपाशी नेलं, गार पाणी ओतलं आणि मग चिकटपट्टीचे तुकडे गालावर लावून एकेक उपटले. मागावरचे कामगार तोंडाला रुमाल लावून हसत होते. मी भलताच ओशाळलो.

जरा थंड झाल्यावर काकांनी विचारलं, "शिवणार काय हुतासा ह्याचं?"

मी सुधाकरचं सगळं सांगितलं. बाह्या शिवायच्या होत्या म्हणालो. काकांचं हसू मावळलं. गौराक्का मटकन खाली बसल्या.

"नव्या कातड्यावर ही बाही?" त्या म्हणाल्या. "पोरगं दोन तासांत उपटून फेकंल की ओ! आन् उघड्या हातानं उभं ऱ्हाईल भट्टीम्होरं."

 सुधाकर अगदी तसाच आहे, अंगाला टोचलं की काढून टाकणारा. जळत नाही ते कापड चांगलं, एवढाच हिशेब मी धरला होता; कापड कुणीतरी घालायचं असतं, हेच त्या दुकानदाराच्या नादात विसरलो होतो. काकांनी सांगितलं की त्यांच्याकडचं काचेचं कापड पाइपांना गुंडाळायला जातं, अंगावर घालायला नाही. गालावरची ती चुणचुण मला देवासारखी वाटली. खरंच वाटली.

पुढचे दोन तास आम्ही तिघं कापडाशी झटत होतो. वरून चंदेरी मुलामा दिलेलं अ‍ॅरामिड, म्हणजे धग मागे फिरते आणि शिंतोडा घसरतो. आतून आगीला दाद न देणारं मऊ सुती अस्तर. खिसा नाही, दुमड नाही, कारण शिंतोडा तिथेच अडकून बसतो. मी म्हटलं, बाहीची शिवण हाताच्या खालच्या अंगाला घेतो, वरून काही उडालं तर शिवणीवर पडायला नको. "ह्ये ब्येस," काका खूश झाले. निघता निघता त्यांनी पिवळ्या दोऱ्याचं रीळ माझ्या हातात कोंबलं. साध्या दोऱ्याने शिवलं तर कापड राहील आणि शिवण वितळेल, म्हणाले.

"ऊटा माडरी (जेवून घ्या)," म्हणत गौराक्कांनी पान वाढलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा). आम्ही वऱ्हाडी तिखटाला भीत नाही, अशी फुशारकी मारून मी खर्डा घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. गौराक्का म्हणाल्या, "आज तुमच्या अंगाचं काय खरं न्हाय बगा, पावणं!" त्यांनी दह्याची वाटी पुढे सरकवली. परक्या घरी इतका निवांत मी फारसा जेवलेलो नाही.

परत येऊन मी बाह्या आणि एप्रन शिवलं. फौंड्रीच्या साहेबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि होकार दिला. पहिल्या दिवशी सुधाकर कामावर गेला तेव्हा मी दुकानात बसून एक काज तीनदा उसवलं. मंजू दारातून हलली नाही. संध्याकाळी तो आला. उजव्या बाहीवर दोन काळे ठिपके होते. मंजूने बाही काढली, हात उजेडात धरला, उलटसुलट फिरवला आणि रडायलाच लागली. खाली काही नव्हतं. गुलाबी कातडी, थोडा घाम, बस्स.

लोक प्रवासाहून फोटो आणतात. मी या दोन माणसांचं ऋण घेऊन आलो आणि ते फेडायची मला अजिबात घाई नाही. त्याच संध्याकाळी मी कबनूरला फोन लावला. मागे मागांची खटाखट चालूच होती. "काका, कापड एक नंबर निघालं," मी ओरडून म्हणालो.

"कापडाचं ऱ्हाऊ द्या ओ पावणं," काका त्याहून मोठ्याने ओरडले. "हात कसा हाय?"

 मी फोन सुधाकरपुढे धरला, आणि त्याने तो उजव्या हातात घेतला.