दया न येणारा देव

स्वरालीचा राग जर्मनीतल्या आमच्या ब्राउनश्वाइगच्या फ्लॅटमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. मी तिच्या शेजारच्या खोलीत राहते. कोणी भांडी घासायची टाळली तरी ती ते आठवडाभर विसरत नाही. पण यावेळचा राग वेगळा होता.

ती सांगलीची, इथे पीएच.डी. करते. प्राचीन ग्रीक लोक शत्रूचं वाटोळं व्हावं म्हणून शिशाच्या पातळ पत्र्यावर शाप कोरायचे आणि त्याची गुंडाळी थडग्यात टाकायचे. मेलेल्यांचा देव हेडीस, त्याला ती पोचावी म्हणून. आज अशी गुंडाळी उलगडायला गेलं तर तुकडे होतात. न उलगडता, स्कॅनमधूनच आतली अक्षरं वाचणारा प्रोग्राम स्वरालीने लिहिला. तिची पदवी त्यावरच उभी आहे.

तोच प्रोग्राम श्रीनाथने ड्युसेलडॉर्फच्या परिषदेत स्वतःचा म्हणून दाखवला. श्रीनाथ तिच्या गटाचा प्रमुख, पुण्याचा, तिला इथे आणणाराही तोच. पडद्यावर नाव एकट्याचं.

"प्रोफेसरांकडे जा ना," मी म्हटलं.

"ते त्यालाच विचारणार. तो म्हणणार, मुलीने थोडी मदत केली. संपलं."

तिने हातमोजे घातले, लॅबमधून आणलेला शिशाचा तुकडा टेबलावर ठेवला आणि स्क्रूड्रायव्हरने कोरायला लागली.

"अगं, मागायचंच तर गणपतीकडे माग."

"गणपती माफ करतो. मला माफ करणारा देव नकोय." ती मान वर न करता बोलत होती. "ग्रीकांना हेडीसची इतकी धास्ती, की नावसुद्धा टाळायचे. 'धनवान' म्हणायचे. आपण बांगडी फुटली की 'वाढवली' म्हणतो, तसं. बळी देतानाही तोंड फिरवायचे. देवळं जवळजवळ नाहीतच. नवस करून उपयोग काय? तो विरघळतच नाही."

"मग शाप त्याच्याकडे कशाला?"

"म्हणूनच तर! ज्याला दया येत नाही, सूड त्याच्याकडेच मागायचा."

श्रीनाथची जीभ बांध, इथवर तिने कोरलं आणि ती थांबली.

"आता त्याच्या आईचं नाव हवं. पुष्कळ शापांत असतं, अमकीचा मुलगा. भलत्याच श्रीनाथला लागायला नको."

नाव तिला ठाऊक होतं. अहिल्याकाकू मुलाकडे राहायला आल्या होत्या. स्वराली तापाने पडली तेव्हा त्या ट्रामने मऊ भात आणि मेतकूट घेऊन आल्या होत्या. स्क्रूड्रायव्हर हलेना. मला वाटलं, निवळली.

"काकू आहेतच की इथे," ती म्हणाली. "देवाला कशाला मधे घालू?" आणि तिने कोट उचलला.

तिला आवरायला म्हणून मी सोबत गेले. श्रीनाथच्या घराचं दार काकूंनीच उघडलं.

"या गं, या! आत्ताच चहा टाकलाय."

स्वराली बसली नाही. "काकू, तुमच्या मुलाने माझं काम चोरलं."

श्रीनाथ सोफ्यावरून उठला. "आल्झो, आई, हे ग्रुपचं काम असतं. त्यात एकेकाचं असं..."

"ते जर्मन आल्झो-बिल्झो ठेव बाजूला. केलं कोणी?"

त्याने खिडकीकडे बघितलं.

"श्रीनाथ?"

"तिने."

"मग लाव साहेबांना फोन आणि हेच सांग."

"आई, आज रविवार. इथे रविवारी कोणी कोणाला..."

"चोरीला वार बघितला होतास?"

त्याने फोन लावला. जर्मनमध्ये बोलला. काकूंना एक शब्द कळत नव्हता, त्या स्वरालीच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मधेच स्वराली म्हणाली, "'मदत केली' नाही. 'लिहिला' म्हण." तो लाल झाला, पण त्याने वाक्य पुन्हा म्हटलं. तिचं नाव, आडनावासकट.

फोन ठेवल्यावर काकूंनी स्वेटरच्या बाहीने डोळे टिपले.

"याची नोकरी जाईल का गं?"

"जाऊ शकते."

"आणि तुला चालेल ते?"

काकूंना दुखवायचं नसतं तर तिने इथे नजर खाली घातली असती. घातली नाही.

"चालेल, काकू."

काकू उठून आत गेल्या. चहाचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही. दार आम्हीच ओढून घेतलं.

ट्रामच्या थांब्यावर मी विचारलं, "बरं वाटतंय?"

"हो," स्वराली म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"