पाणमांजराचा एक्सरे

दवाखान्याच्या एक्सरे-खोलीत उभी हयात घालवलेल्या बाईंना अख्खी वसाहत ‘श्वासरोख्या काकू’ म्हणायची. निवृत्त झाल्या तरी ‘श्वास रोखा!’ म्हणणाऱ्या आवाजातली जरब गेली नाही. त्या लिफ्टमध्ये शिरल्या की माणसं नकळत श्वास धरून उभी राहत.

वसाहतीमागच्या ओढ्याच्या काठाला काँक्रीटची भिंत घालायचं ठरलं, तेव्हा काकूंनी ठणकावून सांगितलं, तिथे पाणमांजर राहतं. ज्याच्या हाती काम होतं तो इंजिनीअर म्हणजे काकूंचा सख्खा दीर.

“वहिनी, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे, फायलीचा नाही. एक धड फोटो आणा, एवढा काठ मी सोडतो. पण सोमवारी मशीन येतंय.”

काकूंनी झाडाला बांधायचा कॅमेरा आणला. समोरून जनावर गेलं की अंधारातही आपोआप फोटो काढणारा. पाणमांजराच्या चिखलातल्या वाटेला अगदी लागून बांधला. सकाळी पाहतात तर पांढरा ढग! दुसऱ्या सकाळीही ढगच, फक्त त्याला शेपूट होतं.

“वहिनी, हे पाणमांजर की पिंजलेला कापूस?”

“चहा प्या आणि गप्प बसा, भावोजी.”

बॅटऱ्या बदलल्या. ढग. काच पुसली. पुन्हा ढग. काका पेपराआडून म्हणाले, “जन्मभर लोकांची हाडं दाखवलीस, याचं कातडंही दिसेना?”

हे मात्र झोंबलं. काकू चष्मा सावरून संगणकासमोर बसल्या आणि एक्सरे वाचावा तसा तो ढग वाचू लागल्या. कॅमेऱ्यापुढचं गवत पांढरंफटक, आणि पलीकडच्या काठावरचा दगड? त्यावरचं शेवाळसुद्धा स्वच्छ. म्हणजे कॅमेरा ठणठणीत होता. अंधारात लागणारा त्याचा दिवा जवळच्या वस्तूवर भसकन पडून फोटोत तिला पांढरीफटक करत होता.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. आयुष्यभर एकच मंत्र जपलेला: एक्सरेची प्लेट अंगाला चिकटवा, नाहीतर हाड धूसर येतं. इथेही त्या पाणमांजराच्या छातीला प्लेट लावायला निघाल्या होत्या! याला अंतर हवं होतं, अंतर.

कॅमेरा ओढ्याच्या दुसऱ्या काठावर गेला. पुढचं गवत कापलं. शनिवारी दिवेलागणीला काकांना फर्मान सुटलं, “त्या वाटेवरून रांगत जा.”

“अगं, माझे गुडघे!”

“तुमच्या गुडघ्यांचा एक्सरे मीच काढलाय. काही झालेलं नाही त्यांना.”

काका रांगले. फोटोत मिशीचा केसन् केस आला. काकू म्हणाल्या, “जमलं.” आणि खरंच जमलं. रविवारी सकाळी कॅमेऱ्याच्या कार्डावर पाणमांजर होतं, तोंडात मासा, मागे दोन पिल्लं.

सोमवारी मशीन ओढ्यावर घरघरत उभं होतं. काकूंनी दिरापुढे फोन धरला. त्याने बोटांनी फोटो मोठा केला.

“पिल्लंही आहेत की.”

“आहेतच. भिंतीचं काय?”

“सोडला हा काठ. दिलेला शब्द आहे.”

“मग माझ्याकडे काय बघताय? त्या मशीनवाल्याला सांगा, माझ्यादेखत.”

दिराने हात हलवून हाक मारली. मशीन कुरकुरत मागे वळलं. तोवर दिराचं बोट सरकून आधीचा, शनिवारचा फोटो पुढे आला होता.

“वहिनी, आणि हे कुठलं जनावर?”

“पाळीव आहे,” काकू फोन पिशवीत टाकत म्हणाल्या. “त्याला भिंती चालतात.”