जैबूनबाई आणि पिवळी बाटली

नोकरीच्या पहिल्याच दिवशी जैबूनबाईंनी माझ्या पापणीचा एक केस उपटला. विचारलं नाही, सांगितलं नाही. "वर बघ" म्हणाल्या, मी बावळटासारखी छताकडे बघितलं, आणि त्यांनी चिमट्यानं काम उरकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याकडे बघत त्या म्हणाल्या, "रडायला पुढं लय दिवस हायेत. हा केस काडीला चिकटव. यानंच काम करायचंय तुला."

नाशिकचा तो खाजगी दवाखाना आता राहिला नाही, त्या जागी गाड्यांचं शोरूम आहे. तिथे मागच्या बाजूला दोन खोल्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा विभाग होता. रोग्याच्या मूत्रपिंडाचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा यायचा. तो रेझिनच्या ठोकळ्यात घट्ट बसवायचा आणि काचपट्टी फोडून केलेल्या सुरीनं त्याचे काप काढायचे. काप इतके पातळ, की पाण्यावर तरंगताना नुसती चंदेरी चमक दिसायची. त्यांना बोट लावता येत नाही, चिमटा लावता येत नाही. सरकवायला पापणीचा केसच लागतो. महिन्याभरानं मला कळलं, की बाईंच्या डबीत असे सात-आठ केस काड्यांना लावून तयार होते. माझा उपटायची काही गरज नव्हती.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी., वर विद्यापीठाचं सुवर्णपदक. हे पदक मी नाव सांगायच्या आधी सांगत असे. आज ती मुलगी माझी नातसून म्हणून दारात आली, तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही. बाई मॅट्रिक. येवल्याच्या विणकराच्या घरातल्या, बिनलग्नाच्या, पंचेचाळिशीच्या. दवाखान्यात बाटल्या धुवायला लागल्या होत्या, बघून बघून काप काढायला शिकल्या, आणि आता काप काढायच्या यंत्रासमोरची खुर्ची त्यांची होती. मुंबईहून आलेले डॉक्टरही त्या खुर्चीला हात लावत नसत. घर नाही, मूल नाही, होतं ते सगळं त्या खुर्चीत होतं, आणि हे त्या लपवतही नसत. त्यांनी मला नाव दिलं 'सुवर्णपदक'. "सुवर्णपदक, सुरी फोड." "सुवर्णपदक, फरशी पूस, तुझ्याच चपलेची माती हाय."

एकदा त्यांनी थंडगार काचपट्टी माझ्या नाकाखाली धरली. पट्टीवर वाफ धरली. सगळ्यांना ती दाखवत म्हणाल्या, "बघा, ह्या बाई एवढी घाण दर मिनिटाला सोडतात. श्वास घरी ठेवून येत जा." कापांना रंग देताना लागणारं शिशाचं द्रावण श्वासानं नासतं, हे खरं. पण ते चार माणसांत सांगायलाच हवं होतं का? माझ्या आधीची शिकाऊ मुलगी घोटीची होती. तिचा प्रत्येक नासलेला काप बाई भिंतीवरच्या कागदावर तिच्या नावापुढे काळा ठिपका काढून नोंदवायच्या. अडतीस ठिपक्यांनंतर ती आलीच नाही. बाई म्हणाल्या, "चाळीस तरी करायचे होते."

आता पिवळ्या बाटलीबद्दल. काप नुसता सूक्ष्मदर्शकाखाली घातला तर सगळं करडं दिसतं. म्हणून तो युरेनिल ॲसिटेटच्या थेंबावर ठेवायचा. हे युरेनियमचं मीठ, लिंबासारखं पिवळं. युरेनियमचा अणू जड. पेशीच्या ज्या भागाला तो चिकटतो तिथे इलेक्ट्रॉन अडतात, आणि तो भाग चित्रात काळा उठतो. मी बाईंना शिकवायला गेले, की कॉलेजात आम्ही हेच मीठ जस्ताच्या मिठाबरोबर वापरून सोडियम ओळखायचो, लगेच पिवळा साका बसतो. बाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "मीठ हाय का नाय, एवढंच ना? आम्ही चाखतो."

घरी आईनं 'युरेनियम' ऐकलं आणि शेजारीपाजारी सांगून टाकलं, की मालू दवाखान्यात टायपिंग करते. अणुबॉम्बवाल्या मुलीला कोण करून घेणार? खरं तर त्या मिठाचा किरणोत्सर्ग फार थोडा असतो, पोटात आणि नाकात जाऊ दिलं नाही म्हणजे झालं. त्या मिठाला भीती असते ती उजेडाची. उजेड लागला की द्रावण नासतं, त्यात बारीक कण धरतात, आणि ते कण कापावर बसले की चित्रात काळे ठिपके दिसतात. म्हणून बाटली तपकिरी, तिच्यावर काळा कागद, आणि वर पत्र्याचा डबा.

बाईंचा आणखी एक नियम होता. पहिलं वर्षभर शिकाऊ माणसाचं नाव वहीत लिहायचं नाही. काप कोणी काढला, रंग कोणी दिला, त्या रकान्यांत त्यांचीच आद्याक्षरं घालायची. "आमच्या मागावर शिकणाऱ्याचं लुगडं अब्बांच्या नावानंच बाहेर जायचं," त्या म्हणायच्या. "चांगलं झालं तर अब्बांचं. बिघडलं तर अब्बांचं, आणि मार शिकणाऱ्याच्या पाठीवर." मला वाटायचं, माझं श्रेय खायला काढलेली ही युक्ती आहे.

त्या शनिवारी बाई भाचीच्या लग्नाला येवल्याला गेल्या होत्या, आणि मला रविवारी दाखवायचा कार्यक्रम होता. मला साडीवर नेमका त्या बाटलीतल्या पिवळ्या रंगाचा ब्लाउज हवा होता. मेन रोडवरून चार ब्लाउजपिसं आणून ठेवली होती. तपकिरी बाटलीतून रंग कळेना, म्हणून मी ते द्रावण साध्या काचेच्या बाटलीत ओतलं आणि खिडकीत उन्हात धरलं. काय सुंदर दिसलं! एकेक पीस शेजारी लावून बघितलं, तिसरं जमलं, आणि मी आनंदानं घरी गेले. बाटली खिडकीतच राहिली. शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत. मुलाकडच्यांनी रविवारी संध्याकाळीच नकार कळवला.

सोमवारी बाटलीच्या तळाशी गाळ दिसला. नवं द्रावण करायचं, तर ते मीठ विरघळायला अर्धा दिवस घेतं, आणि डॉक्टरांना चित्रं दुपारी हवी होती. शिवाय बाई परतल्यावर नव्या द्रावणाचं कारण विचारणार. सुवर्णपदकानं डोकं चालवलं. वरवरचं द्रावण तपकिरी बाटलीत परत ओतलं, गाळलंसुद्धा नाही, आणि बाईंनी आधीच काढून ठेवलेल्या कापांना त्यातूनच रंग दिला. वहीत लिहिलं: ब्लॉक चारशे सतरा, जै. शे.

चित्रांत मूत्रपिंडाच्या पडद्यालगत काळे ठिपके आले. डॉक्टर घाईत होते, त्यांनी ते रोगाचे मानले. चारशे सतरा म्हणजे हरसूलकडच्या डोंगरातली एक मुलगी, सोळा वर्षांची. अहवाल बघून तिला जहाल औषधं सुरू झाली. तीन महिन्यांनी ती तपासणीला आली तेव्हा डोक्यावर ओढणी घट्ट गुंडाळलेली होती. खाली केस नव्हते. पडवीत तिनं मला विचारलं, "ताई, हितं बसलं तर चालंल का?" मी घाईत आहे असं दाखवून पुढे गेले. मागे वळून बघितलं तेव्हा जैबूनबाई तिच्या शेजारी बसल्या होत्या.

तिच्यावर इलाज करणाऱ्या डॉक्टरांना अहवाल आणि आजार जुळेना. त्यांनी पुन्हा बघायला सांगितलं. बाईंनी त्याच ठोकळ्यातून नवे काप काढले, नव्या द्रावणात रंगवले. एकही ठिपका नाही. मुलीला तो रोग नव्हताच. बाईंनी दोन्ही चित्रं स्वतःच्या हातानं आमच्या विभागाच्या डॉक्टरांच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली.

डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं आणि वही उघडली. जै. शे.

"हात हिचा होता, नाव माझं," बाई म्हणाल्या. "मी त्या दिवशी येवल्यात होते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी एवढंच म्हणायचं होतं, की हो. त्याऐवजी मी मान खाली घातली आणि फार हळू आवाजात म्हणाले, "काप बाईंनी जाण्याआधी काढले होते, रंगही दिला होता. त्यांना हल्ली नीट दिसत नाही. मोठ्या आहेत, म्हणून मी बोलले नाही."

महिन्यापूर्वीच त्यांना नवा चष्मा लागला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वहीत रंगाची तारीख लिहायची पद्धत नव्हती, आणि लग्नाला त्या शनिवारी सकाळी गेल्या की दुपारी, हे कोणालाच आठवेना. खोलीत असं एकही माणूस नव्हतं, की ज्याला बाईंनी कधी चार लोकांत सोललं नव्हतं. कोणी त्यांच्या बाजूनं बोललं नाही. दुपारी शिपायानं आणलेल्या चहात साखर नेहमीपेक्षा जास्त होती, आणि तो सगळ्यांनी आवडीनं प्यायला. मीही.

बाईंना परत बाटल्या धुवायच्या खोलीत पाठवलं. खुर्ची मला मिळाली. निवृत्त होईपर्यंत आठ वर्षं बाई शेजारच्या खोलीत बाटल्या धूत होत्या. मी भांडं मागायला गेले की ते उजेडासमोर धरून विचारायच्या, "साहेब, साफ हाय का बघून घ्या. मला नीट दिसत नाय." दरवेळी. न हसता. आणि माझे काप सहा महिने फाटत होते. एकदा रोग्याचा शेवटचा तुकडा होता म्हणून मी त्यांच्याकडे गेले, की एवढा एकच काढून द्या. त्यांनी हात पुसले, ठोकळा बघितला, मला परत दिला. "आंधळीकडून कापून घेतेस?" म्हणाल्या. तो तुकडा माझ्या हातून वाया गेला. त्या माणसाला नव्या तुकड्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागली. बाईंना ते कळलं, आणि त्या दिवशी बाटल्या धुताना त्या गुणगुणत होत्या. चांगलं माणूस होतं ते, असं मी म्हणणार नाही. पण नजर मात्र मरेपर्यंत लखलखीत होती.

मला या सगळ्याची माफी मागायला आजी व्हावं लागलं. वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगत आले. पंधरा वर्षं खुर्चीत बसायला मात्र वेळ होता. बाई येवल्यात भाच्याकडे राहत होत्या. मी गेले तेव्हा ओट्यावर बसून भाचेसुनेच्या मागासाठी रेशमाची तुटलेली तार जोडत होत्या. चष्मा बाजूला काढून ठेवला होता. मी पाठ करून आणलेलं सगळं बोलले. ब्लाउजपिसापासून. त्यांनी तार जोडून पूर्ण केली.

"माझी कशाला माफी मागतेस?" त्या म्हणाल्या. "मी बाटल्या धुतल्या. आधीही धूतच होते. त्या पोरीचं नाव काय?"

मला ब्लॉकचा नंबर आठवत होता. नाव नव्हतं आठवत. खरं सांगायचं तर, मी ते कधी वाचलंच नव्हतं.

"मला माहीत हाय," बाई म्हणाल्या. "तिनं सांगितलं मला, शेजारी बसले तेव्हा. नाव शोधून आण. मग तुझी माफी ऐकते."

मी शोधलं. दवाखान्याची जुनी कागदपत्रं रद्दीत गेली होती. डॉक्टर वारले होते. हरसूलच्या आठवडी बाजारात जाऊन मी, म्हातारी बाई, भाजीवाल्यांना विचारत फिरले, की पूर्वी केस गेलेली एक मुलगी होती का इथे. लोक दयेनं बघायचे. माझ्याकडे. दुसऱ्यांदा येवल्याला गेले ती रिकाम्या हातानं. वाकून नमस्कार केला, म्हटलं, बाई, तुम्हीच सांगा. त्यांनी सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं आणि पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. निघताना विचारलं, "परत येशील ना?" हसत होत्या. मजा येत होती त्यांना.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा बाईंना जाऊन चार दिवस झाले होते. घर बायकांनी भरलेलं होतं. मी उंबऱ्यातच बसले आणि जे रडू फुटलं ते आवरेना. सुनेनं मला धरलं, पाणी दिलं. म्हणाली, आत्याचा तुमच्यावर फार जीव होता, नेहमी विचारायच्या, नाशिकची बाई आली का म्हणून.

मी मान हलवली. बाईंसाठी मी रडत नव्हते, हे त्या भरल्या घरात कोणाला सांगणार? ते नाव सांगू शकणारं शेवटचं माणूस गेलं होतं.